वॉरफरिन

वॉरफरिन : रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारे, तोंडाने घ्यायचे औषध. ‘रक्त पातळ करणारी गोळी’ हे रूढ नाव फसवे आहे. रक्त पातळ होत नाही, ते गोठायला वेळ लागतो. १९३३ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या एका शेतकऱ्याने कुजके स्वीट क्लोव्हर गवत खाऊन मेलेली कालवड आणि कॅनभर न गोठलेले रक्त जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत नेले. त्या शोधातून निघालेले वॉरफरिन १९४८ मध्ये आधी उंदरांचे विष म्हणून विकले गेले.

खरी जोखीम सुरुवातीच्या दिवसांत असते. वॉरफरिन के जीवनसत्त्वाचे काम अडवते. त्यावर अवलंबून असलेल्या क्लथनघटकांपैकी (रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी) सातवा काही तासांत घटतो, दुसऱ्याला मात्र काही दिवस लागतात. त्यामुळे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणाऱ्या आयएनआर चाचणीचा आकडा वाढला तरी पुरते संरक्षण मिळालेले नसते. उलट गुठळी रोखणारे ‘सी’ प्रथिन लवकर घटल्याने गुठळीचा धोका काही काळ वाढतो. म्हणून ताज्या गुठळीच्या रुग्णाला सोबत हेपॅरिनची इंजेक्शने किमान ५ दिवस आणि आयएनआर २ च्या वर दिवसभर टिकेपर्यंत देतात. औषध सुरू करण्याआधी आयएनआर, हिमोग्लोबिन, यकृत व मूत्रपिंडे तपासतात. सुरुवात बहुधा रोज ५ मिग्रॅ.ने होते, वृद्धांत कमी. गोळी संध्याकाळी देतात, म्हणजे दुपारी रिपोर्ट पाहून त्याच दिवशी मात्रा बदलता येते. आयएनआरचे लक्ष्य सहसा २ ते ३. हृदयात कृत्रिम धातूची मायट्रल झडप असल्यास थोडे जास्त. के जीवनसत्त्व असलेल्या मेथी-पालकासारख्या भाज्या सोडायची गरज नाही, प्रमाण मात्र रोजचेच हवे. गरोदरपणात हे औषध शक्यतो टाळतात. अंगदुखीवर दुकानातून परस्पर आणलेली गोळी रक्तस्राव वाढवून घात करू शकते. शौचाचा रंग काळा दिसल्यास ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.