कडुनिंब, बुरशी आणि म्युनिकचा खटला : एका पेटंटाचा इतिहास

१/
नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे हिमायतनगर आहे. जुने नाव वाढोणा. एके काळी निजामाच्या राज्यात असलेल्या या भागात कडुनिंबाला नुसते ‘लिंब’ म्हणतात. ज्वारीच्या कणगीत त्याचा पाला, बाळंतिणीच्या खोलीत त्याची धुरी आणि पाडव्याला त्याचीच कोवळी पाने. या झाडाच्या तेलाने बुरशी मारण्याच्या पद्धतीवर १९९४ साली युरोपात पेटंट मिळाले. ते रद्द व्हायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला, आणि निर्णायक ठरलेला पुरावा महाराष्ट्रातील शेतांमधून आला होता. त्याचीच ही हकीकत.

२/
आरंभी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘अमेरिकेने कडुनिंबाच्या झाडाचे पेटंट घेतले’ असे सर्रास सांगितले जाते. झाडाचे पेटंट कोणीही घेतले नव्हते. डब्ल्यू. आर. ग्रेस ही अमेरिकी कंपनी आणि अमेरिकेचे कृषी खाते यांनी मिळून एका विशिष्ट पद्धतीवर हक्क सांगितला होता. पेटंटाचा क्रमांक ०४३६२५७. खटला समजून घ्यायचा तर आधी तो दावा नीट वाचावा लागतो.

३/
दावा असा होता : निंबोळीतून काढलेले, पाण्यात न मिसळणारे तेल ०.१ ते १० टक्के घ्यावे. ते पाण्यात मिसळावे म्हणून ०.००५ ते ५ टक्के पायसीकारक घालावे. उरलेला भाग पाणी. हे मिश्रण झाडांवर फवारून बुरशीचे नियंत्रण करावे. एक अट महत्त्वाची होती. तेलात ‘अझाडिरॅक्टिन’ जवळजवळ नसावे.

४/
ही अट का? येथे रसायनशास्त्राचा इतिहास उपयोगी पडतो. १९४२ साली सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी कडुनिंबाच्या तेलातून निंबिन, निंबिनिन आणि निंबिडिन ही कडू द्रव्ये वेगळी केली. १९५९ साली जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिख श्मुटरर यांनी सुदानमध्ये पाहिले, की टोळधाडीने सारे हिरवे फस्त केले, पण कडुनिंब मात्र शिल्लक राहिला. १९६०च्या दशकात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. प्रधान यांनी निंबोळीच्या द्रावणाने टोळांपासून पिके वाचवता येतात हे प्रयोगाने दाखवले. १९६८ साली इंग्लंडमध्ये अझाडिरॅक्टिन वेगळे करण्यात आले.

५/
अझाडिरॅक्टिन कीटकांविरुद्ध काम करते. ते काढून घेतल्यावर जे तेल उरते, ते भुरी आणि तांबेऱ्यासारख्या बुरशीजन्य रोगांवर चालते, असे ग्रेस कंपनीचे म्हणणे होते. म्हणजे एकाच बीपासून दोन वेगळी उत्पादने. व्यापाराच्या दृष्टीने कल्पना चतुर होती. ती ‘नवी’ होती का, हा खरा प्रश्न होता.

६/
१४ सप्टेंबर १९९४ रोजी युरोपीय पेटंट कार्यालयाने पेटंट मंजूर केले. योगायोग असा, की त्यानंतर तीनच दिवसांनी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडमध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. या भागाला स्वतःचे विद्यापीठ मिळत होते, त्याच आठवड्यात त्याच्या अंगणातल्या झाडाविषयीच्या ज्ञानाची मालकी म्युनिकमध्ये ठरत होती.

७/
१९९५ साली तीन बाजूंनी हरकत घेण्यात आली. युरोपीय संसदेतील हरित गटाच्या माग्दा आल्वूट, भारतातील वंदना शिवा आणि लिंडा बुलार्ड यांच्या माध्यमातून सेंद्रिय शेतीचा आंतरराष्ट्रीय महासंघ. तिन्ही चेहरे स्त्रियांचे होते. हे ज्ञान भारतीय शेतकऱ्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, हा त्यांचा मुख्य मुद्दा.

८/
मात्र ‘पिढ्यान्‌पिढ्या’ हा शब्द पेटंटाच्या कायद्यात पुरेसा नसतो. कणगीतला पाला आणि बाळंतिणीची धुरी यांवरून ‘अमुक टक्के तेल, अमुक टक्के पायसीकारक, पिकावर फवारणी, बुरशीचे नियंत्रण’ हे सिद्ध होत नाही. दाव्यातले प्रत्येक कलम अर्जाच्या आधीच लोकांसमोर आले होते, हे दाखवावे लागते. त्यासाठी तारीख हवी, ठिकाण हवे, साक्षीदार हवा.

९/
ते सारे मिळाले महाराष्ट्रात. अभय फडके या भारतीय उद्योजकांनी साक्ष दिली, की १९८५ आणि १९८६च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली या दोन जिल्ह्यांत कडुनिंबाच्या तेलाच्या क्षेत्रचाचण्या झाल्या होत्या. ग्रेसच्या अर्जाचा अग्रक्रम डिसेंबर १९८९चा. म्हणजे चाचण्या किमान तीन वर्षे आधीच्या. दाव्यातील बाबी या चाचण्यांमधून अर्जापूर्वीच सार्वजनिक झाल्या होत्या, असा निष्कर्ष पेटंट कार्यालयाने काढला.

१०/
१० मे २००० रोजी पेटंट रद्द झाले. कंपनीने अपील केले. ८ मार्च २००५ रोजी, जागतिक महिला दिनी, ते अपील फेटाळले गेले. पारंपरिक ज्ञानावर घेतलेले पेटंट रद्द होण्याच्या पहिल्या मोठ्या युरोपीय प्रकरणांपैकी हे एक.

११/
हाच खटला त्या काळच्या अमेरिकेत उभा राहिला असता तर? तेथील जुन्या कायद्यानुसार परदेशातील नुसता ‘वापर’ पुरावा म्हणून चालत नसे; छापील मजकूर लागे. म्हणून १९९५ साली मिळालेले हळदीचे अमेरिकी पेटंट हाणून पाडताना भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेला जुने ग्रंथ आणि लेख सादर करावे लागले. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. युरोपात मात्र जगात कोठेही झालेला सार्वजनिक वापर ग्राह्य होता, आणि म्हणूनच सांगलीचे शेत म्युनिकमध्ये पुरावा ठरू शकले. अमेरिकेने हा भेद २०१३ पासून काढून टाकला.

१२/
भारतानेही धडा घेतला. २००१ साली पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले. २००२ साली पेटंट कायद्यात दुरुस्ती होऊन पारंपरिक ज्ञान हे पेटंटयोग्य शोध नव्हे, असे कलम आले. जैवविविधता कायदाही त्याच वर्षीचा.

१३/
तरीही एक प्रश्न उरतोच. पिकावरील बुरशीला वनस्पतीचे तेल चालते, मग माणसाच्या आजारावर वनस्पतिजन्य औषध का नाही? बुरशीची पेशी आणि माणसाची पेशी रचनेने जवळच्या आहेत. एकीला मारणारे द्रव्य दुसरीलाही इजा करते. पोटातून किंवा शिरेतून देण्याच्या बुरशीरोधक औषधांच्या प्रमुख गटांपैकी एकही आजवर वनस्पतीपासून आलेला नाही. २०२१ साली म्युकरमायकोसिसच्या साथीत ज्यासाठी नातेवाईक वणवण फिरले, ते अँफोटेरिसिन बी मातीतल्या जिवाणूपासून मिळते. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार यांच्या गटाने शोधलेले हॅमायसिन हेही मातीतल्याच जिवाणूचे देणे.

१४/
जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली १९ धोकादायक बुरशींची यादी जाहीर केली. जुनी औषधे अनेक बुरशींवर निष्प्रभ ठरत असल्याने वनस्पतींकडे पुन्हा लक्ष वळले आहे. वनस्पतीला पळून जाता येत नाही. बुरशीशी लढायची रसायने तिला स्वतःच्याच देहात तयार करावी लागतात. ती शोधून माणसाला सोसेल असे औषध घडवणे हे पुढच्या पिढीचे काम आहे.

१५/
परंपरेचा अभिमान सर्वांनाच होता. पण पेटंट हरले ते दोन उन्हाळ्यांच्या चाचण्यांमुळे, कारण त्यांचे वर्ष आणि जिल्हा सांगता येत होता. हिमायतनगरच्या एखाद्या आजीला लिंबाविषयी जे ठाऊक आहे, ते ज्ञानच आहे. कोणता भाग, किती प्रमाणात, कशावर, कोणत्या ऋतूत, हे तिला विचारून तारखेसह लिहून ठेवले, तर तेच उद्या पुरावा होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळा लागत नाही. हे काम तो आजच सुरू करू शकतो.