सीपॅप उपचाराशी जुळवून घेणे

सीपॅप उपचाराशी जुळवून घेणे : झोपेत श्वास अडण्याच्या विकारावर, म्हणजे स्लीप ॲप्नियावर, दाबाची हवा देणारे सीपॅप यंत्र सुरू केल्यानंतर ते रोज रात्री सहज वापरता यावे यासाठी रुग्ण, घरची माणसे आणि डॉक्टर-तंत्रज्ञ यांनी मिळून करायचा सराव व फेरफार. सीपॅप यंत्र हा विकार मुळातून बरा करत नाही. ते लावलेले असते तोवर श्वसनमार्ग उघडा राहतो. काढले की अडथळे परततात. म्हणून उपचाराचे यश यंत्राच्या किमतीपेक्षा ते रात्री किती तास चेहऱ्यावर राहते यावर ठरते. सुरुवातीच्या आठवड्यांतील बहुतेक अडचणींना शोधता येणारे कारण आणि करता येणारा उपाय असतो. ‘मला मशीन सहन होत नाही’ एवढ्यावर उपचार सोडून देणे हे रुग्णाचे मोठे आणि बरेचदा टाळता येणारे नुकसान आहे.

विकार व यंत्राचे कार्य : झोप लागल्यावर घशाचे स्नायू सैलावतात. लठ्ठपणा, मागे सरलेला जबडा, वाढलेले टॉन्सिल अशा कारणांनी ज्यांचा घसा आधीच अरुंद असतो, त्यांचा श्वसनमार्ग अशा वेळी मिटतो. श्वास किमान १० सेकंद थांबला तर त्यास श्वासरोध म्हणतात. रक्तातील ऑक्सिजन घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मोठ्या घोरण्यासह श्वास सुरू होतो आणि पुन्हा तेच चक्र चालते. श्वास पूर्ण किंवा अंशतः अडण्याचे प्रसंग तासाला ५ ते १५ असल्यास विकार सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम आणि ३० च्या वर असल्यास तीव्र मानतात. दिवसा पेंग येणे, सकाळी डोके दुखणे, उच्च रक्तदाब आणि वाहन चालवताना डुलकी लागणे हे याचे परिणाम. मुंबईतील ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांच्या पाहणीत (२००४) १९.५ टक्के पुरुषांना झोपेतील श्वसनदोष आढळला. त्यासोबत दिवसा झोप येण्याची तक्रार असणाऱ्यांचे प्रमाण ७.५ टक्के होते.

यंत्रातील पंखा खोलीतील हवा गाळून नळीवाटे मास्कमध्ये ढकलतो. मोडलेल्या हाडाला खपच्यांचा आधार मिळावा, तसा या हवेचा आतून घशाच्या भिंतींना आधार मिळतो. दाब सामान्यतः पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटर स्तंभाइतका ठेवता येतो. मास्कवरील बारीक छिद्रांतून उच्छ्वासाची हवा बाहेर पडते. ती गळती नव्हे, म्हणून छिद्रे झाकू नयेत.

इतिहास : सिडनी येथील कॉलिन सलिव्हन यांनी १९८० मध्ये ही पद्धत प्रथम रुग्णावर वापरली. त्यांनी व सहकाऱ्यांनी पाच रुग्णांवरील अनुभव १९८१ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. त्यापूर्वी तीव्र विकारावर खात्रीचा उपाय म्हणजे मानेपुढून श्वासनलिकेला छेद देणे. सुरुवातीची यंत्रे मोठी व आवाज करणारी होती. नाकाच्या साच्यावरून बनवलेला मास्क रोज रात्री चेहऱ्याला चिकटवावा लागे. मऊ सिलिकॉनचे मास्क, पट्टे, हवेला ऊब व ओलावा देणारी पाण्याची टाकी आणि गरजेनुसार दाब बदलणारी स्वयंचलित यंत्रे पुढे आली, ती प्रामुख्याने रुग्णाला हा उपचार सोसावा म्हणून.

वापराचे मोजमाप : फिलाडेल्फियातील एका अभ्यासात (१९९३) यंत्रात रुग्णांच्या नकळत वेळमापक बसवला होता. ३५ पैकी १६ जणच किमान ७० टक्के दिवस ४ तास किंवा अधिक यंत्र वापरत होते. रोज वापरतो असे सांगणारे मात्र बरेच अधिक होते. ‘७० टक्के रात्री, किमान ४ तास’ हा निकष तेव्हापासून रूढ झाला. तो मोजमापाच्या सोयीचा आहे, पुरेशा उपचाराची मर्यादा नव्हे. पहाटेच्या स्वप्ननिद्रेत श्वासरोध बहुधा वाढतात. चार तासांनी मास्क काढणाऱ्याचा नेमका तोच काळ उघडा पडतो. हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २,७१७ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत (२०१६) सरासरी वापर रात्री ३.३ तासच भरला. पेंग कमी झाली, मन:स्थिती सुधारली. पण हृदयविकाराचे व पक्षाघाताचे प्रसंग घटले नाहीत. पहिल्या आठवड्यात पडलेली पद्धत बहुधा पुढेही टिकते, म्हणून मदत याच काळात मिळायला हवी.

सामान्य अडचणी व उपाय : मास्कची गळती ही नेहमीची तक्रार. हवा डोळ्यांत जाते, आवाज होतो, झोप मोडते. पट्टे करकचून आवळल्यास नाकाच्या हाडावर व्रण पडतात आणि गळतीही वाढते, कारण मास्कची मऊ कड हवेने फुगल्यावरच नीट बसते. मास्कचे माप बसून नव्हे, तर आडवे होऊन, यंत्र चालू ठेवून पाहावे. रात्री चेहऱ्याला तेल किंवा क्रीम लावल्यास कड सरकते. दाढी-मिशीमुळे नाक-तोंड झाकणारा मास्क बसत नसेल, तर नाकपुड्यांशी टेकणारा छोटा मास्क सोयीचा ठरतो. नाकाने श्वास घेता येत असल्यास सुरुवात नाकावरच्या मास्कने करणे श्रेयस्कर. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला बरेचदा अधिक दाब लागतो.

नाक चोंदणे व घसा कोरडा पडणे यांमागे अनेकदा तोंडावाटे होणारी गळती असते. हवा नाकातून आत येऊन तोंडातून निसटते, नाकाचे अस्तर सुकून सुजते, मग तोंड आणखी उघडते. ऊब व ओलावा वाढवणे, मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि ॲलर्जी असल्यास तिचा उपचार यांनी हे चक्र तुटते. थंडीत किंवा वातानुकूलित खोलीत नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येतो. अशा वेळी नळीला कापडी आवरण घालावे आणि यंत्र बिछान्यापेक्षा खाली ठेवावे.

हवा कमी पडते असे वाटणाऱ्यांचा सुरुवातीचा दाब अनेकदा फार कमी ठेवलेला असतो. तो थोडा वाढवल्याने बरे वाटते. श्वास सोडणे जड जात असेल, तर उच्छ्वासाच्या वेळी दाब उतरवण्याची सोय वापरतात. पोट फुगणे व ढेकर येणे हे हवा गिळली गेल्याचे लक्षण. त्यासाठी दाबाचा फेरविचार करावा लागतो. दाब स्वतःच्या मनाने बदलू नये.

गुदमरण्याची भीती खरी असते, तिला हसू नये. दिवसा टीव्ही पाहताना किंवा वाचताना आधी मास्क नुसता हातात धरून नाकाशी न्यावा, मग पट्टे लावावेत, मग यंत्र सुरू करावे. एक पायरी निवांत जमल्यावरच पुढची घ्यावी. मास्क चटकन कसा काढायचा हे हाताला माहीत असले की भीती ओसरते. झोपेत नकळत मास्क काढला गेल्यास जाग येताच पुन्हा लावावा. दुपारच्या झोपेतही यंत्र लावावे. मद्याने श्वासरोध वाढतो, म्हणून ते टाळावे.

घर व देखभाल : घोरणे थांबल्याचा लाभ शेजारी झोपणाऱ्यालाही मिळतो, त्या व्यक्तीला पहिल्या भेटीपासून सोबत घेतल्यास वापर सुधारतो. मास्कची कड रोज, नळी व टाकी आठवड्याला सौम्य साबणाने धुवावी. टाकीत डिस्टिल्ड पाणी घालावे. बोअरवेलच्या जड पाण्याने क्षार साचतात. वीज जाणाऱ्या गावांत इन्व्हर्टर किंवा यंत्राची बॅटरी लागते; पाणी तापवणे बंद ठेवल्यास ती अधिक वेळ पुरते. वापरलेले यंत्र घेताना त्याचा नमुना तपासावा, कारण आतील फोम झिजण्याच्या धोक्यामुळे फिलिप्सने २०२१ मध्ये लाखो यंत्रे परत मागवली होती.

पाठपुरावा : यंत्र वापराचे तास, गळती आणि तासागणिक उरलेले श्वासरोध नोंदवते. ही नोंद पहिल्या एक-दोन आठवड्यांतच डॉक्टरांना दाखवावी. उरलेले श्वासरोध तासाला ५ च्या खाली यावेत असा प्रयत्न असतो. काही रुग्णांत सुरुवातीला मेंदूकडून श्वासाचा आदेशच न येण्याचे प्रसंग दिसतात. बहुतेकांत ते आठवड्यांत ओसरतात, पण लक्ष ठेवावे लागते. वजन बरेच घटले किंवा वाढले तर दाब पुन्हा ठरवावा. सर्व फेरफार करूनही यंत्र वापरता आले नाही, तर दोन स्तरांच्या दाबाचे यंत्र, जबडा पुढे धरणारे दंतसाधन, कुशीवर झोपण्याची सवय, वजन घटवणे किंवा निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया असे पर्याय आहेत. यंत्र कपाटात ठेवून गप्प बसण्यापेक्षा ते जमत नाही असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. अडचण कळल्याखेरीज फेरफारही करता येत नाही आणि पर्यायही निवडता येत नाही.