कपाटातल्या हँगरच्या रॉडला झोळ का पडतो?

हँगर आपोआप घसरून मधोमध गोळा व्हायला लागले, की कपाटातला रॉड वाकलाय असं समजावं. बहुतेक घरांत यावर पहिला उपाय म्हणजे जाड पाइप आणणं. तो उपाय चुकीचा नाही, पण अपुरा आहे. रॉडला झोळ पडतो तो मुख्यतः त्याच्या लांबीमुळे.

दोन टोकांवर टेकलेल्या पाइपवर कपडे सारखे पसरून लावले, तर मधला झोळ लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे २ फुटांऐवजी ४ फुटांचा रॉड तसाच गच्च भरला, तर झोळ दुप्पट नव्हे, १६ पट होतो. उलट पाऊण इंची पाइप काढून तेवढ्याच पत्र्याचा एक इंची बसवला, तर ताठपणा वाढतो जेमतेम अडीच पट. त्यामुळे लांब रॉडला मधोमध एक आधार देणं हाच सगळ्यात स्वस्त आणि पक्का इलाज.

आधी कपडे काढा

रॉड रिकामा करून बघा. कधी पाइप सरळच असतो, टोकाच्या सॉकेटचे स्क्रू ढिले होऊन एक बाजू खाली आलेली असते. कपडे काढल्यावरही बाक राहिला, तर पाइप कायमचा वाकला आहे. गोल पाइप असेल तर तो उलटा फिरवून बाक वर करता येतो. यातून थोडे दिवस मिळतात, ताकद वाढत नाही. पोकळ पाइप हातोडीने ठोकून सरळ करू नये. तो जिथे दबतो, तिथेच पुन्हा वाकतो. नवा पाइप आतल्या मापापेक्षा २-३ मिमी कमी कापावा. लंबगोल पाइप असेल तर तो उभाच बसवायचा. आडवा बसवला की तोच पाइप खूप लवकर वाकतो.

मधला सपोर्ट

हार्डवेअरच्या दुकानात पाइपच्या मापाचा मधला सपोर्ट मागितला की मिळतो. तो वरच्या फळीला लावायचा, मागच्या नाही. मागे बऱ्याचदा ६ मिमीचा प्लाय असतो आणि त्यात स्क्रू धरत नाही. वरची फळी १८ मिमीची असेल तर १६ मिमीपेक्षा लांब स्क्रू नको, नाहीतर टोक वरच्या खणात निघेल आणि तिथल्या कपड्यांना भोकं पडतील. आणि ती फळीच खचलेली असेल, तर तिला सपोर्ट लावून उपयोग नाही. मधोमध उभी फळी टाकावी लागते.

स्क्रू उपटला असेल तर

खरं नुकसान इथे होतं. प्लायमधलं भोक फेविकॉल लावलेल्या काड्यांनी भरून, वाळल्यावर स्क्रू पुन्हा घट्ट बसतो. पार्टिकल बोर्डात ही युक्ती फार टिकत नाही, कारण आतला भुसा सुटलेला असतो. तिथे बाजूच्या फळीला लाकडाची एक लांब पट्टी पाच-सहा स्क्रूंनी लावावी आणि सॉकेट त्या पट्टीवर बसवावं. भार पसरतो, कपाट वाचतं. हे टाळत राहिलं, तर एके रात्री सगळे कपडे रॉडसकट खाली येतात आणि फळीचा तुकडाही सोबत येतो.

भाड्याच्या घरात काही जण भोक न पाडता बसणारा, ताणून लांब करायचा रॉड लावतात. चार शर्टांसाठी ठीक. पण तो जितका ताणाल तितका आतली बारीक नळी जास्त उघडी पडते, आणि टोकं फक्त दाबावर टिकलेली असतात.

कपडे लावताना कोट, शेरवानी, जीन्स दोन्ही टोकांकडे आणि हलके कुर्ते मध्ये ठेवावेत. टोकाजवळचं वजन पाइपला फार वाकवत नाही. पावसाळ्यात अर्धवट वाळलेले कपडे रॉडवर नकोच. जरीची जड पैठणीही हँगरवर न ठेवता सुती कापडात घडी घालून ठेवावी. त्यात रॉडपेक्षा साडीचा फायदा जास्त.