शब्दांत उरलेला हॅम्लेट

गणपतराव जोशींचा हॅम्लेट मी पाहिलेला नाही; आज हयात असलेल्या कोणीच तो पाहिलेला नाही. गणपतराव 1922 मध्ये गेले आणि मराठी बोलपट आला 1932 मध्ये. आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात 1882 मध्ये या नाटकाचे भाषांतर हाती घेतले. 'विकारविलसित' या नावाने ते 1883 मध्ये छापले गेले. शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतरावांनी त्यातला नायक रंगभूमीवर उभा केला.

जाणकारांनी त्यांचा आवाज आणि मुद्राभिनय वाखाणला, म्हणून तो हॅम्लेट आपल्याला थोडाफार तरी ऐकू येतो. नुसते 'अप्रतिम!' लिहिले असते, तर काय उरले असते? म्हणून नाटक पाहून आलो, की नट कुठे थांबला, कोणत्या शब्दावर आवाज उतरला, हे मी लिहून ठेवतो. तीच नटाला खरी दाद.