ऑक्टोबर १८६० : निकालापूर्वीचे चार आठवडे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील १८६० च्या अध्यक्षीय निवडणुकीचा विचार बहुधा तिच्या परिणामांच्या बाजूने केला जातो. ६ नोव्हेंबर रोजी अब्राहम लिंकन निवडून आला, २० डिसेंबर रोजी दक्षिण कॅरोलायनाने संघराज्याशी असलेला संबंध तोडला आणि पुढील एप्रिलमध्ये यादवी युद्धास तोंड लागले. हा क्रम इतका परिचित आहे, की मतदानापूर्वी मतदारास काय ठाऊक होते आणि त्याला कशाची धास्ती वाटत होती, हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. निवडणुकीपूर्वीची चिंता म्हणजे निकालाविषयीची अनिश्चितता, अशी सर्वसाधारण समजूत असते. १८६० चे उदाहरण या समजुतीस छेद देणारे आहे. त्या वर्षी मतदानाच्या चार आठवडे आधीच निकाल बहुतांशी कळून चुकला होता, आणि चिंतेचा खरा काळ तेथूनच सुरू झाला.

याचे मूळ निवडणुकांच्या वेळापत्रकात होते. अध्यक्षीय निर्वाचक निवडण्याचा दिवस १८४५ च्या कायद्याने साऱ्या देशासाठी एकच ठरविण्यात आला होता. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर येणारा मंगळवार हाच तो दिवस. परंतु गव्हर्नर आणि विधिमंडळे यांच्या निवडणुका कधी घ्यावयाच्या, हे ज्या त्या राज्याच्या इच्छेवर होते. मेन राज्य सप्टेंबरात मत देई. पेनसिल्व्हेनिया, ओहायो आणि इंडियाना ही राज्ये ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी. राज्याच्या निवडणुकीत जो पक्ष जिंकेल तोच नोव्हेंबरात अध्यक्षाच्या निवडणुकीतही जिंकेल, असे साधारणपणे धरले जाई. १८५६ मध्ये हाच अनुभव आला होता. पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबरात डेमोक्रॅटिक पक्षाचा थोड्या मतांनी विजय झाला, आणि ब्यूकॅनन अध्यक्ष होणार हे लोकांनी तेव्हाच ओळखले.

१८६० चे गणित कोणाही जाणत्या मतदारास तोंडपाठ असावे इतके सोपे होते. निर्वाचकांची एकूण संख्या ३०३. बहुमतास १५२ हवेत. रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार फ्रीमाँट यास १८५६ मध्ये ११४ मते मिळाली होती. दरम्यान मिनेसोटा आणि ऑरेगॉन ही दोन नवी राज्ये संघराज्यात आली होती. त्यांची मते अनुक्रमे ४ आणि ३. मिनेसोटा धरून ११८, त्यात पेनसिल्व्हेनियाची २७ मिळविली म्हणजे १४५. मग इंडियानाची १३ किंवा लिंकनच्या स्वतःच्या इलिनॉयची ११ मते पुरेशी होती. प्रतिपक्षाची अवस्था तर आणखीच बिकट. डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन एप्रिलमध्ये चार्ल्स्टन येथे ५७ वेळा मतदान होऊनही उमेदवार न ठरविता उठले. जूनमध्ये बाल्टिमोर येथे पक्ष उघड दुभंगला. उत्तरेकडील गटाने स्टीफन डग्लस यास, तर दक्षिणेकडील गटाने विद्यमान उपाध्यक्ष जॉन ब्रेकिनरिज यास उभे केले. टेनेसीचा जॉन बेल हा चौथा उमेदवार. संविधान आणि संघराज्य यांचे रक्षण याखेरीज त्याच्या पक्षाने दुसरा कार्यक्रमच मांडला नव्हता.

९ ऑक्टोबर रोजी पेनसिल्व्हेनियात रिपब्लिकन उमेदवार अँड्र्यू कर्टिन सुमारे ३२,००० मतांनी विजयी झाला. इंडियानातही त्याच पक्षाचा गव्हर्नर आला. त्या वेळी डग्लस आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्झ येथे प्रचार करीत होता. तार वाचताच त्याने आपल्या चिटणिसास सांगितले, की लिंकनच पुढचा अध्यक्ष होणार. आता संघराज्य वाचविले पाहिजे, त्यासाठी आपण दक्षिणेत जाणार. उमेदवाराने स्वतः मते मागत हिंडणे त्या काळी अप्रशस्त मानले जाई आणि डग्लसवर त्याबद्दल पुष्कळ टीका झाली होती. पण ऑक्टोबरनंतरचा त्याचा दौरा मतांसाठी नव्हताच. टेनेसी, जॉर्जिया, अलाबामा असा प्रवास करीत, प्रतिकूल श्रोत्यांसमोर तो एकच गोष्ट सांगत गेला. घटनेनुसार निवडून आलेला अध्यक्ष नापसंत आहे एवढ्यावरून संघराज्य मोडण्याचा अधिकार कोणास पोचत नाही. ऑगस्टमध्ये व्हर्जिनियातील नॉरफोक येथे हेच त्याने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले होते. गुलामगिरीच्या प्रश्नावर डग्लसची नैतिक उदासीनता हा त्याच्या चरित्रातील मोठा डाग आहे आणि तो पुसता येणार नाही. तरी या चार आठवड्यांत येऊ घातलेल्या संकटाची पुरती कल्पना असलेला आणि त्याबद्दल दक्षिणेतच जाऊन बोलणारा उमेदवार हा एकटाच होता, हेही तितकेच खरे.

लिंकनचे विरोधक हातपाय गाळून बसले होते असे मात्र नव्हे. न्यूयॉर्कची ३५ मते त्याच्या हातून काढली, तर पेनसिल्व्हेनिया आणि इंडियाना जिंकूनही त्याचे बहुमत हुकणार होते. यासाठी तेथे तिन्ही विरोधी पक्षांनी निर्वाचकांची एक संयुक्त यादी केली. तीत डग्लसचे १८, बेलचे १० आणि ब्रेकिनरिजचे ७ निर्वाचक. एकमेकांचे तोंडही न पाहणारी ही माणसे एका कागदावर आली, याचे कारण भीती. कोणासही बहुमत न मिळाल्यास अध्यक्षाची निवड प्रतिनिधिगृहाकडे जाते आणि तेथे प्रत्येक राज्यास एकच मत असते. त्या वेळच्या ३३ राज्यांपैकी १५ राज्यांच्या प्रतिनिधिमंडळांत रिपब्लिकनांचे प्राबल्य होते. हवी होती १७. याच प्रतिनिधिगृहास आपला सभापती निवडण्यास आदल्या हिवाळ्यात सुमारे आठ आठवडे आणि ४४ वेळा मतदान लागले होते. तेथे कोंडी झाली, तर सिनेटने निवडलेला उपाध्यक्ष अध्यक्षपदी बसणार. तो ब्रेकिनरिजचा जोडीदार जोसेफ लेन असण्याचा संभव होता. रिपब्लिकन प्रचारकांनी लेनच्या नावाचा बागुलबुवा उत्तरेत यथेच्छ वापरला. अर्थात हा डावपेच उलटसुलट दोन्ही बाजूंनी चालला. ऑक्टोबरच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात भाव घसरले, तेव्हा रिपब्लिकन वृत्तपत्रांनी ही घबराट मतदारांस भिवविण्यासाठी मुद्दाम निर्माण केली आहे असा आरोप केला. तो सर्वस्वी निराधार नसेलही. परंतु दक्षिणेकडून येणे असलेल्या व्यापाऱ्याची झोप उडण्यास कोणाच्या कारस्थानाची गरज नव्हती. (या कापूस-व्यापारातील उलथापालथीशी मुंबईचा संबंध १८६१ नंतर जडला. अमेरिकन कापूस अडकून पडल्यामुळे तेथे आलेली भरभराट आणि १८६५ मधील पडझड हा स्वतंत्र विषय आहे.)

उत्तरेतील सामान्य रिपब्लिकन मतदार या काळात चिंतेपेक्षा उत्साहातच अधिक होता. हार्टफर्ड येथे वर्षारंभी निघालेल्या ‘वाइड अवेक’ नावाच्या तरुणांच्या पथकांचे लोण सर्वत्र पसरले होते. मेणकापडी झगे घातलेले, हाती मशाली घेतलेले हे तरुण लष्करी शिस्तीने रात्रीच्या मिरवणुका काढीत. ३ ऑक्टोबर रोजी न्यूयॉर्क शहरात त्यांची प्रचंड मिरवणूक निघाली. दक्षिणेच्या धमक्यांकडे पाहण्याची या मतदाराची दृष्टी पूर्वानुभवावर आधारलेली होती. १८५० मध्ये फुटून निघण्याची भाषा झाली आणि तडजोड होऊन ती विरली. १८५६ मध्ये फ्रीमाँट निवडून आल्यास संघराज्य संपले असे बजावण्यात आले; फ्रीमाँट हरला आणि धमकीची परीक्षाच झाली नाही. त्यामुळे दक्षिणेची ही मते मिळविण्याची युक्ती आहे, हा ग्रह दृढ झाला. सीवर्डसारखा ज्येष्ठ नेता जाहीर सभांतून या धमक्यांस आता कोणी भीत नाही असे सांगे. रिपब्लिकनांनी धोक्याचे मोल फार कमी लावले, या मुद्द्यावर इतिहासकार डेव्हिड पॉटर याने दिलेला भर योग्यच आहे. त्यास एवढीच पुस्ती जोडावयाची, की हे दुर्लक्ष अज्ञानातून आलेले नव्हते, दोनदा खऱ्या न ठरलेल्या भाकितांच्या स्मरणातून आलेले होते.

खुद्द लिंकन स्प्रिंगफील्ड येथे राजभवनाच्या एका खोलीत येणाऱ्याजाणाऱ्यांस भेटत होता, गोष्टी सांगत होता आणि राजकारणावर अवाक्षर काढीत नव्हता. दक्षिणेतील लोक सुज्ञ आहेत, ते शासनाच्या नाशास प्रवृत्त होणार नाहीत, असे त्याने ऑगस्टमधील एका पत्रात लिहिले आहे. दक्षिणेच्या समाधानासाठी एखादे निवेदन करावे असे सुचविणाऱ्यास त्याने ऑक्टोबरात कळविले, की आपली मते छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. जे ती वाचीत नाहीत ते पुनरुक्तीही वाचणार नाहीत. युक्तिवाद म्हणून यात खोट नाही. शिवाय नव्या शब्दाने उत्तरेतील एखादा गट दुरावण्याचा धोका होता. तथापि हा हिशेब उत्तरेपुरताच बरोबर होता. लिंकनची मते छापील होती खरी, पण ती दक्षिणेत पोचत नव्हती. मतपत्रिका त्या काळी पक्षच छापून वाटीत. दक्षिणेच्या बहुतेक राज्यांत रिपब्लिकन मतपत्रिका छापणारा वा वाटणारा कोणी नव्हता. व्हर्जिनियात लिंकनला सुमारे १,९०० मते पडली, आणि तेथून खाली त्याचे नाव मतदारापुढे आलेच नाही. ज्याला मत देण्याची वा नाकारण्याची संधीच नाही असा मनुष्य आपला अध्यक्ष होणार, हे दक्षिणी मतदाराच्या अस्वस्थतेचे एक अंग होते.

दुसरे अंग अधिक खोलवरचे होते. ऑक्टोबर १८५९ मध्ये जॉन ब्राउनने हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारावर घातलेल्या छाप्याला अजून वर्ष झाले नव्हते, तोच ८ जुलै १८६० रोजी टेक्ससमधील डॅलस आणि आसपासच्या गावांत आगी लागल्या. उत्तरेतील गुलामगिरीविरोधकांनी गुलामांना हाताशी धरून रचलेला हा कट आहे, अशी आवई उठली. ती वृत्तपत्रांतून साऱ्या दक्षिणेत पसरली. जागोजाग दक्षता समित्या स्थापन झाल्या आणि अनेक गोऱ्या व काळ्या माणसांना संशयावरून फासावर लटकविण्यात आले. असह्य उष्मा आणि नव्याने बाजारात आलेल्या फॉस्फरसच्या आगकाड्या हे त्या आगींचे संभाव्य कारण असल्याचे डोनाल्ड रेनॉल्ड्स याने सविस्तर दाखविले आहे. परंतु १८६० च्या शरद ऋतूत दक्षिणेतील मतदार आगकाड्यांचा विचार करीत नव्हता. उत्तरेतील मशालीच्या मिरवणुकांची वर्णने वाचून त्यास त्या मशालींत डॅलस दिसत होते. ‘वाइड अवेक’ ही चालून येणाऱ्या सैन्याची पूर्वतयारी आहे, असे गंभीरपणे लिहिले गेले, आणि दक्षिण कॅरोलायनात ऑक्टोबरमध्ये ‘मिनिट मेन’ नावाची सशस्त्र पथके उभी राहिली. त्या राज्याच्या ७,०३,७०८ लोकसंख्येपैकी ४,०२,४०६ माणसे गुलाम होती, ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय तेथील भयाचे स्वरूप उमगत नाही. हे भय स्वतःच्या घरात आणि शेतावर राबणाऱ्या माणसांचे होते. लिंकन हे त्याला मिळालेले नाव.

तरीही या भयास एकमुखी निर्धार समजणे चूक ठरेल. पेनसिल्व्हेनियाचा निकाल लागण्यापूर्वी, ५ ऑक्टोबर रोजीच, दक्षिण कॅरोलायनाचा गव्हर्नर विल्यम गिस्ट याने कापूस पिकविणाऱ्या राज्यांच्या गव्हर्नरांस गुप्त पत्रे धाडून लिंकन निवडून आल्यास काय करणार अशी विचारणा केली. उत्तरे निराशाजनक आली. उत्तर कॅरोलायनाने केवळ निवडणुकीच्या निकालावरून फुटणे लोकांस पटणार नाही असे कळविले. अलाबामा एकटे पाऊल टाकण्यास तयार नव्हते. फ्लॉरिडा दुसऱ्याच्या मागून येणार होते. प्रत्येकजण पहिल्याची वाट पाहत होता. मतदारांचीही तीच गत. गुलामगिरी असलेल्या राज्यांतील मते एकत्र केली, तर ब्रेकिनरिजला निम्मीही मिळाली नाहीत. व्हर्जिनिया, केंटकी आणि टेनेसी बेलने जिंकली. सेनापती विनफील्ड स्कॉट याने मात्र २९ ऑक्टोबर रोजी अध्यक्ष ब्यूकॅननला लेखी सूचना केली, की दक्षिणेतील किल्ले अचानक बळकावले जाण्याचा धोका आहे, तेथे पुरेशी शिबंदी ठेवावी. स्कॉट स्वतः व्हर्जिनियाचा. सूचनेवर काही झाले नाही.

५ नोव्हेंबर रोजी दक्षिण कॅरोलायनाचे विधिमंडळ भरले. निर्वाचक निवडण्याचे काम तेथे अजूनही विधिमंडळाकडेच होते, आणि ते उरकून सदस्यांनी घरी जावयाचे हा शिरस्ता होता. गिस्टने त्यांना निकाल कळेपर्यंत बसून राहण्यास सांगितले, व ते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी स्प्रिंगफील्ड येथे लिंकनने आपल्या मतपत्रिकेवरील निर्वाचकांची नावे कापून काढली आणि उरलेल्या उमेदवारांस तेवढे मत दिले. स्वतःस मत देणे त्यास प्रशस्त वाटले नाही. रात्री तो तारघरात होता. डग्लस त्या रात्री अलाबामातील मोबील येथे एका वृत्तपत्राच्या कचेरीत बसून तारा वाचीत होता. राज्याची परिषद बोलवावी असे सुचविणारा अग्रलेख छापू नये, म्हणून त्याने संपादकाशी बराच वाद घातला. त्यात यश आले नाही आणि तो खिन्न होऊन मुक्कामावर परतला. लिंकनला १८० निर्वाचक मिळाले; लोकांची मते शंभरांत चाळीसहूनही किंचित कमी. मताधिकार असलेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के लोकांनी मत दिले.

या सर्व हिशेबात ज्यांच्या नावाने भांडण चालले होते त्या सुमारे चाळीस लक्ष गुलामांची गणना नाही. मात्र तेही वाट पाहत होते. लिंकनच्या पहिल्या उमेदवारीत कोणता प्रश्न गुंतला आहे हे आपल्या आडवळणाच्या मळ्यावरील गुलामांस ठाऊक होते, असे बुकर टी. वॉशिंग्टन याने १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. उत्तरेतही स्वतंत्र काळ्या पुरुषास गोऱ्यांच्या बरोबरीने मत देता येई ते न्यू इंग्लंडमधील पाच राज्यांतच. न्यूयॉर्कमध्ये त्यासाठी २५० डॉलरांची मालमत्ता असावी लागे. गोऱ्यांना अशी अट नव्हती. ती काढून टाकण्याचा प्रस्ताव ६ नोव्हेंबर रोजीच तेथील मतदारांपुढे होता आणि फ्रेडरिक डग्लस (स्टीफन डग्लसशी त्याचे साम्य आडनावापुरतेच) त्यासाठी झटत होता. रिपब्लिकन पक्षाने या प्रश्नावर शक्य तितके मौन पाळले. निवडणुकीत त्या राज्याने लिंकनला सुमारे ५०,००० मतांचे आधिक्य दिले. प्रस्तावाच्या बाजूने सुमारे १,९७,००० मते पडली, विरुद्ध सुमारे ३,३८,०००.