‘मिडनाइट काउबॉय’ आणि त्याचे प्रेक्षक

साहित्यकृतीचा इतिहास लिहिताना आपण बहुधा तिच्या निर्मितीचा इतिहास लिहितो. ती कोणी, केव्हा आणि कोणत्या मनाने वाचली याचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. चित्रपटाच्या बाबतीत ही उणीव अधिकच जाणवते. संस्कृत साहित्यशास्त्राने आस्वादकाला ‘सहृदय’ म्हटले आणि अभिनवगुप्ताने रसविचारात त्याला मानाचे स्थान दिले. परंतु शास्त्रातला सहृदय कालातीत असतो. प्रत्यक्षातला प्रेक्षक मात्र एका विशिष्ट वर्षी, विशिष्ट नियमांच्या छायेत आणि आपल्या पिढीचे पूर्वग्रह बरोबर घेऊन चित्रगृहात बसतो. कृती तीच राहून तिच्याविषयीची मते पालटत जातात, तेव्हा त्या पालटांतून कृतीचे कोणते अंग टिकून राहते, हा प्रश्न समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १९६९ साली प्रदर्शित झालेला ‘मिडनाइट काउबॉय’ हा अमेरिकन चित्रपट या प्रश्नाचा विचार करण्यास विशेष सोयीचा आहे.

जेम्स लिओ हर्लिही यांच्या १९६५ च्या कादंबरीवरून वॉल्डो सॉल्ट यांनी पटकथा लिहिली. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून जे लेखक हॉलिवुडच्या काळ्या यादीत गेले, त्यांपैकी सॉल्ट हे एक होत. दिग्दर्शक जॉन श्लेसिंजर हे इंग्रज. अमेरिकेत त्यांनी केलेला हा पहिलाच चित्रपट. कथा थोडक्यात अशी : टेक्ससमधील एका उपाहारगृहात भांडी घासणारा जो बक हा तरुण गुराख्याचा भपकेबाज वेष चढवून न्यूयॉर्कला येतो. तेथील श्रीमंत स्त्रिया आपल्या देहावर पैसे उधळतील, अशी त्याची भाबडी समजूत. पहिल्याच फेरीत त्याला लुबाडणारा रिझो हा लंगडा, खोकल्याने पोखरलेला भामटा पुढे त्याचा एकमेव मित्र होतो. पाडण्यासाठी रिकाम्या केलेल्या एका इमारतीत दोघे हिवाळा काढतात. रिझोला फ्लोरिडाच्या उन्हाची स्वप्ने पडतात. अखेर जो एका वृद्धाला मारहाण करून पैसे मिळवतो आणि मित्राला घेऊन बसने निघतो. मायामी येण्यापूर्वीच रिझो शेजारच्या आसनावर मरण पावतो. जॉन व्हॉइट आणि डस्टिन हॉफमन यांनी या भूमिका केल्या.

चित्रपट न्यूयॉर्कमध्ये २५ मे १९६९ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या आधी सहा-सात महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर १९६८ मध्ये, अमेरिकेत जुनी नैतिक आचारसंहिता जाऊन वयोगटांनुसार वर्गीकरणाची पद्धत आली होती. या पद्धतीतील सर्वांत कडक ‘एक्स’ हा शिक्का ‘मिडनाइट काउबॉय’वर पडला. नवलाची गोष्ट ही, की परीक्षक मंडळ त्याहून सौम्य ‘आर’ हा वर्ग देण्यास तयार होते; एका मनोविकारतज्ज्ञाचा सल्ला घेऊन वितरक संस्थेनेच ‘एक्स’ पत्करला. समलिंगी संबंधांचे चित्रण कोवळ्या मनांवर परिणाम करील, ही त्यामागील धास्ती होती. पुढे १९७१ साली एकही दृश्य न वगळता त्याच चित्रपटाला ‘आर’ वर्ग मिळाला. मधल्या दोन वर्षांत चित्रपटात काहीच बदलले नव्हते. बदलली होती ती वर्गीकरणाची मोजपट्टी आणि पाहणाऱ्यांची सहनशक्ती.

शिक्क्याने प्रेक्षक दूर राहिला नाही. अमेरिकेत चित्रपटाने ४ कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळवले. १९६९ च्याच बर्लिन महोत्सवात आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेने त्याला आपले पारितोषिक दिले. ज्या कृतीपासून तरुणांचे रक्षण करावे असे वितरकांना वाटले, तिच्यात धर्मनिष्ठ परीक्षकांना करुणेचा प्रत्यय आला. एप्रिल १९७० मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि रूपांतरित पटकथा अशी तीन ऑस्कर पारितोषिके त्याने मिळवली. ‘एक्स’ वर्गातील दुसऱ्या कोणत्याही चित्रपटाला सर्वोत्कृष्टतेचा तो मान मिळालेला नाही.

त्याच समारंभात अभिनयाच्या पारितोषिकासाठी व्हॉइट आणि हॉफमन या दोघांचीही नावे होती. ते मिळाले मात्र जॉन वेन यांना. जो बकच्या मनातील काउबॉय म्हणजे हेच जॉन वेन. पुढल्याच वर्षी एका मुलाखतीत वेन यांनी या चित्रपटाची विकृत म्हणून संभावना केली. हा निव्वळ दोन नटांमधला विरोध नव्हे. रानावनात एकट्याने पराक्रम गाजवणारा पुरुष हे ज्यांचे राष्ट्रीय दैवत होते, त्यांना त्याच वेषात गल्लोगल्ली उपाशी फिरणारा तरुण पाहवला नाही. तरुण पिढीला मात्र त्यातच आपल्या देशाचे खरे रूप दिसले. व्हिएतनामच्या युद्धाने जुन्या वीरप्रतिमेवरील तिचा विश्वास तोवर डळमळीत झाला होता.

समीक्षकांचा आक्षेप निराळा होता. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे व्हिन्सेंट कॅन्बी चित्रपटाने हेलावले, तरी त्याची गुळगुळीत सफाई त्यांच्या नजरेतून सुटली नाही. पॉलीन केल यांना श्लेसिंजरांनी अमेरिकन जीवनावर धरलेला उपहास विखारी आणि म्हणूनच अविश्वसनीय वाटला. रॉजर ईबर्ट यांचे म्हणणे असे, की दिग्दर्शकाचा आपल्या दोन पात्रांवर पुरेसा भरवसा नाही; म्हणून तो त्यांच्याभोवती तत्कालीन शैलीचे चमत्कार पसरतो. हे आक्षेप बव्हंशी रास्त आहेत. झटपट तुटणारी स्मृतिदृश्ये आणि कलावंतांच्या मेजवानीचा तो लांबलेला प्रसंग आज जुन्या काळाचे नमुने वाटतात. परंतु लक्षात घेण्याजोगे हे, की मांडणीला नावे ठेवणाऱ्या समीक्षकांनाही दोन मित्रांच्या नात्याला सहसा नावे ठेवता आली नाहीत.

त्या नात्याविषयी प्रश्न उपस्थित झाले ते काहीसे उशिरा. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर सुमारे महिन्याभरानंतर, २८ जून १९६९ रोजी, न्यूयॉर्कमधल्या स्टोनवॉल या मद्यगृहावर पोलिसांनी छापा घातला आणि समलिंगी नागरिकांच्या प्रतिकाराला तोंड फुटले. त्या चळवळीतून घडलेल्या व्हिटो रूसो यांनी १९८१ मधील आपल्या ग्रंथात या चित्रपटाला खडसावून प्रश्न विचारले : दोन पुरुषांचे प्रेम ‘शुद्ध’ ठरावे म्हणून समलिंगी पात्रे दयनीय आणि मार खाणारी का दाखवावी? हा सवाल टाळता येत नाही. फ्लोरिडाच्या तिकिटांचे पैसे ज्या वृद्धाच्या रक्तातून आले, त्याच्याकडे १९६९ च्या प्रेक्षकाने फारसे पाहिले नव्हते. आजच्या प्रेक्षकाला ते पाहणे भाग पडते. दिग्दर्शक स्वतः समलिंगी होते, याने प्रश्न सुटत नाही, अधिक गुंतागुंतीचा मात्र होतो. त्याच सुमारास स्त्रीवादी समीक्षेनेही दोन पुरुषांच्या दोस्तीपटांनी स्त्रीला पडद्याच्या कडेला ढकलल्याची तक्रार केली, आणि तीही या चित्रपटाला लागू पडते.

पुढे १९९४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटसंग्रहात त्याची निवड झाली आणि तो अभिजात गणला जाऊ लागला. ज्या टाइम्स चौकाच्या परिसरात तो घडतो, त्याचा त्या दशकात कायापालट झाला. जो शहरी ओंगळपणा प्रथम प्रक्षोभक वाटला, तो आता नष्ट झालेल्या एका नगराचा दस्तऐवज म्हणून पाहिला जातो.

तेव्हा या साऱ्या मतांतरांतून टिकले काय? अनुवादकाच्या दृष्टीला येथे एका नावाचा उलगडा उपयोगी वाटतो. रिझो या आडनावाची मोडतोड करून लोकांनी त्याला ‘रॅट्सो’ केले आहे. त्यात उंदराचा निर्देश आहे. मराठीत ‘उंदऱ्या’ म्हणावे तर तुच्छता उतरते, पण आडनाव हरवते. तो मात्र आपल्याला ‘रिको’ म्हणावे, असे परोपरीने विनवतो. फ्लोरिडाच्या वाटेवर, नव्या गावी तरी आपले नाव रिकोच सांगावे, एवढे तो मित्राकडून मागून घेतो. या मागणीला कोणताही वर्ग अथवा शिक्का लागू पडत नाही. ज्या शहराने माणसाचे नावही हिरावून घेतले, तेथे एकाने दुसऱ्याला त्याच्या नावाने हाक मारणे हीच या कथेतील मैत्री आहे. म्हणूनच नीतिरक्षक, बंडखोर, समीक्षक आणि चळवळीतले कार्यकर्ते आपापली भांडणे घेऊन आले, तरी या ठिकाणी बहुतेकांचा आवाज खाली आला.

शेवटच्या प्रसंगात रिको मरण पावल्याचे कळताच बसमधील उतारू वळून पाहू लागतात, आणि जो त्याला कवेत घेऊन गप्प बसून राहतो. पाहणाऱ्यांच्या नजरेत कुतूहल आहे, थोडी भीती आहे, ओळख मुळीच नाही. या चित्रपटाच्या प्रेक्षकांचा पन्नासहून अधिक वर्षांचा इतिहास म्हणजे त्या उतारूंच्या जागेवरून उठून जोच्या जागी बसू पाहण्याचा इतिहास आहे; आणि मार खाऊन मागे राहिलेल्या त्या वृद्धाची जागा अद्याप रिकामी आहे, याचे भान नव्या प्रेक्षकाने त्यात घातले आहे.