कृत्रिम व्याधी आणि दीर्घकालीन मानसोपचार : एका दृष्टिपालटाचा इतिहास

स्वतःच्या शरीरात रोग उत्पन्न करून अथवा त्याची बतावणी करून रुग्णालयाचा आश्रय घेणारा रोगी वैद्यकास नवा नाही. नवी आहे ती त्यास मानसोपचाराचा अधिकारी मानण्याची दृष्टी. ही दृष्टी कशी आली, आणि यावयास इतका विलंब का लागला, हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासात अद्याप पुरेसा चर्चिला गेलेला नाही.

हेक्टर गॅविन याचा बतावणीच्या व कृत्रिम रोगांवरील ग्रंथ १८४३ साली लंडन येथे प्रसिद्ध झाला. त्याचा विषय मुख्यतः सैनिक आणि खलाशी. व्रण मुद्दाम चिघळविणाऱ्या शिपायास सेवेतून मुक्तता हवी असे, नाहीतर निवृत्तिवेतन. सोंग उघडे पाडणे हेच तेथे वैद्याचे कर्तव्य होते. वैद्य जणू सरकारी तिजोरीचा पहारेकरीच. अशा चौकटीत उपचाराचा प्रश्न उद्‌भवतच नाही, कारण हेतू ठाऊक असतो आणि तो अप्रामाणिक ठरलेला असतो.

परंतु ज्याला काहीच मिळवावयाचे नाही त्याचे काय? पॅरिसच्या द्यूलाफ्वा याने १९०८ मध्ये ‘पॅथोमिमी’ ही संज्ञा योजिली, ती स्वतःच्या कातडीवर दाहक द्रव्याने जखमा करून अखेरीस हात गमावलेल्या एका तरुणाच्या निमित्ताने. येथे लाभाचा हिशेब जुळत नाही. पुढे १९३४ साली अमेरिकेत कार्ल मेनिंजर याने वारंवार शस्त्रक्रिया करवून घेणाऱ्या रोग्यांच्या ठिकाणी आत्मशासनाची अबोध ओढ आणि शल्यवैद्याविषयी पित्याविषयीसारखा भाव दाखवून दिला. मनोविश्लेषणाचा दरवाजा त्यामुळे किलकिला झाला, इतकेच.

फेब्रुवारी १९५१ मध्ये रिचर्ड अ‍ॅशर याने ‘लॅन्सेट’मध्ये या रोग्यांस बॅरन मंचाउसेनचे नाव दिले. नाव चटकदार, लेखणी विनोदी. ते तात्काळ रूढ झाले. विपर्यास असा की बोडेनवर्डरचा खरा बॅरन काही आजाराची सोंगे घेत नव्हता. त्याच्या नावावर अचाट कथा रचून १७८५ मध्ये लंडनला छापणारा रास्पे हाच चोरीच्या आरोपातून पळालेला गृहस्थ होता! अ‍ॅशरने लक्ष वेधून घेण्याची हौस, डॉक्टरांवरील आकस, मादक औषधांची लालसा, पोलिसांपासून सुटका, फुकटचे अन्न व निवारा असे संभाव्य हेतू नोंदविले. त्यांनी कोडे पुरते सुटत नाही हेही तो जाणत होता. तथापि नावाने आपले काम केले. रोगी विनोदाचा विषय झाला आणि ज्याला हसावयाचे त्याच्याजवळ वर्षानुवर्षे बसावे असे कोणास वाटणार?

१९६८ मध्ये स्पायरो याने हे नाव सोडून ‘दीर्घकालीन कृत्रिम आजार’ असे म्हणावे, अशी सूचना केली, आणि बाल्यातील वंचना व लहानपणचे रुग्णालयवास यांकडे लक्ष वेधिले. ज्या मुलास घरी न मिळालेली शुश्रूषा रुग्णशय्येवर मिळाली, त्याच्या लेखी आजारपण हेच आश्रयस्थान ठरते, हा विचार यातून बळावला. १९८० च्या अमेरिकन वर्गीकरणाने, म्हणजे ‘डीएसएम’च्या तिसऱ्या आवृत्तीने, कृत्रिम व्याधीस स्वतंत्र स्थान दिले.

उपचारपद्धतीतील खरा वाद कबुलीविषयी होता. हॉलेंडर व हर्श यांनी १९७० मध्ये कामाची वाटणी सुचविली : सत्य समोर ठेवणे हे उपचार करणाऱ्या डॉक्टरने करावे, मानसोपचारज्ञाने मात्र साहाय्यकाच्या नात्याने रोग्याच्या बाजूस राहावे. आयझेंड्राथ याने १९८९ मध्ये त्याही पुढे जाऊन कबुली न मागता उपचार करण्याचे मार्ग मांडले. रोग्यास आपली अब्रू राखून लक्षण सोडून देता यावे, हे त्यांतील सूत्र. अ‍ॅशरच्या काळी जे संगनमत वाटले असते ते आता तंत्र ठरले.

दीर्घकालीन मानसोपचाराची भिस्त या तंत्रावर आहे. मायो व हॅगर्टी यांनी १९८४ मध्ये, आणि जर्मनीत प्लासमान याने १९९४ मध्ये, अशा उपचारांचे वृत्तांत प्रसिद्ध केले. भेटी लक्षणांवर अवलंबून न ठेवता ठरल्या दिवशी व्हावयाच्या, म्हणजे भेटीसाठी आजारी पडण्याची गरज उरत नाही. शारीरिक तपासण्यांचा निर्णय शक्यतो एकाच डॉक्टरच्या हाती ठेवावयाचा. सर्वांत कठीण काम मात्र रोग्याचे नसून वैद्याचे असते. फसविले गेल्याचा संताप ओळखणे आणि तो उपचारात उतरू न देणे, हे त्यास महिनोन्महिने करावे लागते.

यश किती? ईस्टवूड व बिसन यांनी २००८ मध्ये उपलब्ध वृत्तांतांचा आढावा घेतला, तेव्हा सत्य समोर ठेवणे किंवा न ठेवणे, मानसोपचार देणे किंवा न देणे, यांच्या फलितांत लक्षणीय फरक आढळला नाही. कोणत्याही पद्धतीची परिणामकारकता ठरविण्याइतके भक्कम संशोधनच नव्हते. अनेक रोगी उपचारात टिकत नाहीत, मग त्यांचे पुढे काय झाले ते कळत नाही. अनुकूल वृत्तांत वाचताना एवढे ध्यानी ठेवले पाहिजे की ते टिकून राहिलेल्यांचे आहेत. राइख व गॉटफ्रीड यांनी १९८३ मध्ये एका अध्यापन रुग्णालयातील दहा वर्षांत निदान झालेल्या ४१ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि पुष्कळजणी वैद्यकाशी संबंधित व्यवसायातल्या. गावोगाव, नावे बदलीत हिंडणारा अ‍ॅशरचा रोगी त्यांहून वेगळा. व्याधीला ज्याच्यामुळे नाव मिळाले तो भटक्या दीर्घ उपचारांच्या वृत्तांतांत क्वचितच भेटतो.